पावसात न वाढणारा दमा

नोव्हेंबरातली रात्र, साडेतीनचा सुमार. दवाखान्याच्या पायरीशी रिक्षा थांबली आणि दोघांनी धरून एका बाईंना आत आणलं. वय ४२. आडवं व्हायला त्या तयारच नव्हत्या. टेबलावर बसवलं तर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून, पुढे वाकून बसल्या. प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा ताणत होत्या आणि गळ्याखालच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती. काय होतंय विचारलं, तर एका दमात दोनच शब्द निघाले. श्वास मिनिटाला ३२, नाडी १२४, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९१ टक्के.

नवरा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "तिला श्वास घ्यायला येत नाय, डॉक्टर."

छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याच पोटात गोळा आला. दम्याची छाती वाजते. त्या शिट्ट्यांची कानाला इतकी सवय असते की त्या नसल्या तर चुकल्यासारखं होतं. इथे जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. शिट्टी वाजायलाही नळीतून थोडी तरी हवा वाहावी लागते. एवढी धाप लागलेली असताना छाती मुकी असेल तर ती सगळ्यात वाईट खूण.

१०८ला फोन करून ठेवला. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम या नळ्या सैल करणाऱ्या औषधांची वाफ सुरू केली, शिरेतून स्टिरॉइड दिलं. वाफ संपली की लगेच दुसरी. वीसेक मिनिटांनी छाती वाजायला लागली, आणि मग इतकी वाजली की स्टेथोस्कोपशिवाय खोलीभर ऐकू यावी. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सासूबाई घाबरून पुढे आल्या, "अवो, आता तर जास्तच वाजतंय की!"

"वाजू द्या, आजी," मी म्हटलं. "वाजतंय म्हणजे वारा फिरायला लागला."

पाचच्या सुमाराला बाईंच्या तोंडून पहिलं पुरं वाक्य निघालं. ते असं होतं: "सहाला कोलंबीची गाडी यायची हाय, मला जायला होईल ना?"

त्यांना अर्थातच कामावर सोडलं नाही, १०८मधून जिल्ह्याच्या ठिकाणी धाडलं. दोन दिवस तिथे राहून त्या परतल्या. पण ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढची बरीच उलगड त्याच पहाटे झाली असती. हे प्रकरण लिहून काढतोय ते त्यासाठीच. गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं, बंदराचं. बाईंची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

हवा आत अडकते

"श्वास घ्यायला येत नाही" असं दम्याचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण सांगतो. त्याला वाटतं ते खरंच असतं. पण छातीत जे घडत असतं ते उलटं आहे. अडचण मुळात श्वास सोडण्याची असते.

गळ्यातून खाली उतरणारी श्वासनलिका झाडाच्या खोडासारखी फुटत जाते. दोन फांद्या, चार, आठ, असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटतात, आणि शेवटी तीसेक कोटी वायुकोश लागतात. वरच्या मोठ्या नळ्यांना कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. खाली एक मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांना तो नसतो. त्यांच्याभोवती असतो फक्त स्नायूंचा वेढा. दम्यात या नळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. त्यात न सोसणारी एखादी गोष्ट श्वासातून आत गेली की तीन गोष्टी घडतात. भोवतीचा स्नायू आवळतो, अस्तर आणखी सुजतं आणि चिकट कफ सुटून उरलेली वाट बुजवतो.

श्वास घेताना छाती फुलते, आणि तिच्या ओढीने या नळ्याही थोड्या उघडतात. म्हणून हवा कशीबशी आत शिरते. सोडताना छाती आक्रसते, नळ्याही आक्रसतात, आणि मुळातच अरुंद झालेली वाट मिटत येते. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडायच्या आधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. अशी थोडी थोडी हवा आत साठत जाते. निरोगी माणसाने हे अनुभवून बघावं. छाती भरून श्वास घ्या, त्यातला जरासाच सोडा, आणि त्यावरच पुन्हा घ्या. पुन्हा जरासाच सोडा, पुन्हा घ्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेला छातीत जागाच उरत नाही आणि आपल्यालाही वाटतं, श्वास घेता येत नाही. आमच्या बाईंचे वर ओढलेले खांदे त्यासाठीच होते. भरलेल्या पिंपात आणखी पाणी ओतायची ती धडपड. खाली छातीच्या पडद्याचा घुमट हवेने दाबून सपाट झालेला असतो, त्यामुळे त्याची ओढही कमी पडते आणि मानेच्या स्नायूंना कामाला लागावं लागतं.

आता एक हिशोब. नळीतून हवा सरळ, शांत वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. दम्याचा जीवघेणा वेग या सोळापटीत आहे. संध्याकाळी जरा खोकणारी बाई पहाटे तीनला मरणाच्या दारात कशी पोचते, याचं उत्तर तिथे मिळतं. आणि सुटकाही तिथेच आहे, कारण वाट केसभर मोकळी झाली तरी हवेला फार मोठी मोकळीक मिळते. वीस मिनिटांत छाती वाजू लागली ती त्यामुळे.

मात्र वाफेने सुटतो तो फक्त स्नायूचा आवळा. सूज तशीच राहते. तिच्यावर स्टिरॉइड लागतं, आणि ते परिणाम दाखवायला काही तास घेतं. साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपाने चार-सहा तास बरं वाटतं, त्यालाच लोक बरं होणं समजतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाच सांगतात की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. आमच्याकडे अजूनही बहुतेक घरांत तोच एक असतो, तोही पाहुण्यांपासून लपवलेला.

माझी तीन वर्षं

या बाई माझ्याकडे तीन वर्षं येत होत्या. कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: दमा, घरात ओल, चूल, जुनी कापसाची गादी. कोकणात हे लिहायला फार डोकं लागत नाही. जूनपासून चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके धरतात, गादी-गोधडीला चार महिने ऊन लागत नाही. धुळीतले बारीक किडे हवेतलाच ओलावा पिऊन जगतात, त्यांना अशी हवा म्हणजे मेजवानी. पावसात माझ्या दवाखान्यात दम्याची रांग लागते. मी या बाईंनाही त्याच रांगेत बसवलं.

गादी बदलायला लावली. चुलीवरचं पाणी तापवणं बंद करून गॅस घ्यायला लावला. घरच्यांनी पैसे खर्चून सगळं केलं. फरक पडला तो नावापुरता.

मग मी पंपाला दोष दिला, आणि तिथे थोडं तथ्य होतं. त्यांचा पंप कॅप्सूल घालून ओढायचा. तो जोरात, झटक्यात ओढावा लागतो. फवाऱ्याचा पंप मात्र सावकाश, खोल ओढायचा असतो. बाई कॅप्सूलचा पंप हळूवार ओढत होत्या आणि अर्धी पावडर पंपातच राहत होती. शिवाय कॅप्सूलची डबी ठेवलेली मोरीच्या फळीवर. ओल लागून कॅप्सूल मऊ पडलेल्या, आतल्या पावडरीच्या गुठळ्या झालेल्या. सूज उतरवणारा दुसरा पंप तर त्यांनी महिन्याभरात सोडून दिला होता, "पंपाची सवय लागते" म्हणून. सवयीच्या धाकाने त्या गोळ्या घेत होत्या. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध पोटात जातं, अंगभर फिरतं, हात कापतात, छाती धडधडते, आणि फुफ्फुसाला त्यातलं थोडंच मिळतं. हे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. तरी पंपाची भीती आणि गोळीवरचा विश्वास हटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ते सगळं खरं असलं तरी मूळ कारण ते नव्हतं.

सासूबाईंचं एक वाक्य

जिल्ह्याहून परत आल्यावर बाई तपासणीला आल्या, सोबत सासूबाई. मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली, पावसाळ्यात जपायला हवं होतं वगैरे. आजींनी मला मध्येच अडवलं. "पावसात हिला काय होत नाय वो. पावसात ही बरी आसते. नारळी पुनव झाली की सुरू होतो हिचा."

मी कार्ड मागे उलटत गेलो. तीन वर्षांच्या तारखा माझ्याच समोर होत्या. ऑगस्टची अखेर, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिल. जून आणि जुलैत एकदाही नाही. ज्या दोन महिन्यांत माझ्याकडे दम्याचे सगळ्यात जास्त रुग्ण येतात, त्या दोन महिन्यांत ही बाई फिरकलीच नव्हती.

१ जून ते ३१ जुलै. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी बंदीचे ६१ दिवस. होड्या शाकारलेल्या, जाळी घरात, आणि कोलंबी सोलायची शेड बंद.

नऊ वर्षं त्या कोलंबी सोलत होत्या. मी व्यवसाय विचारला होता. कार्डावर "मच्छी काम" असं लिहिलंही होतं. पण त्याचा विचार केला नव्हता, आणि त्याला तीन कारणं झाली. प्रत्येकात मी फसलो, म्हणून ती मांडतो.

पहिलं, पहिली सहा वर्षं त्यांना काहीच झालं नव्हतं. मला वाटलं, कामाने व्हायचं तर आधीच झालं असतं. पण व्यवसायातून होणाऱ्या दम्याची हीच रीत आहे. शरीर एखाद्या पदार्थाला विरोध करायला शिकतं त्यात महिने जातात, कधी वर्षं जातात. एकदा शिकलं की मग चिमूटभरही पुरते.

दुसरं, मी त्यांना विचारलं होतं, कोलंबी खाल्ल्यावर त्रास होतो का? त्या हसल्या होत्या. आठवड्यातून तीनदा घरात कोलंबीचं कालवण. मी ॲलर्जीवर काट मारली. श्वासातून जे सोसत नाही ते पोटाला सोसू शकतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. दवाखान्यात आठवलं नाही.

तिसरं सगळ्यात फसवं. कामावर असताना त्यांना फारसं काही होत नसे. दम लागायचा रात्री दोन-तीनला, घरात, अंथरुणात. मग कोणीही गादीकडेच बोट दाखवणार. पण ॲलर्जीच्या दम्यात उशिराचा झटका असतो. न सोसणारी गोष्ट श्वासात गेल्यावर तीन-चार तासांनी नळ्या पुन्हा सुजू लागतात आणि सहा-आठ तासांनी सूज टिपेला पोचते. संध्याकाळी सातला शेड सोडली की टिपेची वेळ येते मध्यरात्रीनंतर. त्यात मध्यरात्रीच्या सुमाराला शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड सगळ्यात कमी असतं, आणि पहाटे नळ्या तशाही जरा आवळलेल्या असतात.

शेड

मी शेडवर गेलो. जायला तीन वर्षं लागली. गाडीने अंतर सात मिनिटांचं.

पत्र्याची लांब शेड, तीन बाजूंनी बंद. बायका पाटांवर दोन रांगांत बसलेल्या, मध्ये बर्फाच्या पाण्यात कोलंबीचे टप. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीचा काळा धागा काढायचा. एक कोलंबी दोन-तीन सेकंदांत घमेल्यात. मजुरी किलोवर, म्हणून कोणी मान वर करत नाही. त्याआधी कोलंबी एका पांढऱ्या पावडरीच्या पाण्यातून काढतात, काळी पडू नये म्हणून. बायका तिला नुसतं "पावडर" म्हणतात. ती सोडियम मेटाबायसल्फाइट. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. टपावर वाकलं की घशात बोचतं. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या या वायूने मिनिटांत आवळतात.

मी पावडरीवरच थांबलो असतो, पण शेवटपर्यंत उभा राहिलो ते बरं झालं. काम संपल्यावर मुकादमाने पाण्याचा पाइप सोडला आणि जोराच्या धारेने लादी धुवायला घेतली. साली, डोकी, खाली साठलेलं पाणी, सगळं फवारून उडालं. दिव्याच्या उजेडात ते धुकं स्पष्ट दिसत होतं. बायका त्या धुक्यात उभ्या राहून हात धूत होत्या, पैशांचा हिशोब करत होत्या. कोलंबीच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, शिजवूनही न मोडणारं. धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही त्याची भावंडं असतात, त्यामुळे एकाशी वैर असलेल्या शरीराचं दुसऱ्याशीही जमत नाही असं होतं. ते प्रथिन या धुक्याच्या थेंबाथेंबात होतं.

वही

अंदाजावर कोणाची रोजी बंद करता येत नाही. पुरावा हवा होता. रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. कोलंबीविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, वाढलेली आली. पण माझा भर वहीवर होता.

पीक फ्लो मीटर हे हातात मावणारं प्लास्टिकचं नळकांडं. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ मिटून एकदम फुंकायचं, काटा सरकतो. श्वास सोडायचा जोर मिनिटाला किती लिटर, ते कळतं, म्हणजे नेमका तोच भाग, जो दम्यात बिघडतो. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, चार आठवडे. औषध मध्येच बदलायचं नाही.

अशा झटक्यानंतर त्यांना शेडवर पाठवून आकडे जमवणं मला मुळीच मान्य नव्हतं. पण मी काही म्हणायच्या आधीच, दहाव्या दिवशी, त्या कामावर जाऊन बसल्या होत्या. उधारी फिटायची होती. मग सूज उतरवणारा पंप सकाळ-संध्याकाळ, फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (फवारा आधी साठवणारी पोकळ नळी), ओढल्यावर चूळ, आणि आकडा २०० च्या खाली गेला की वाट न बघता निघून यायचं, एवढं ठरवून दिलं. आकडे नववीतल्या मुलीने लिहिले. कामाचे दिवस लाल पेनाने, सुट्टीचे निळ्या.

पहिल्या आठवड्यात सगळं लाल. सकाळी २९०, संध्याकाळी २५०, रात्री २१०. दुसऱ्या दिवशी सकाळी २७०, तिसऱ्या दिवशी २६०. मग समुद्रात वादळ झालं, बंदरावर बावटा लागला, होड्या आत आल्या. चार दिवस शेडला टाळं. निळा पेन सुरू झाला: २८०, ३१०, ३३०, ३४०. बावटा उतरला, कोलंबी आली, आणि दुसऱ्या लाल दिवशी रात्री २२०.

ती वही मी त्यांच्यासमोर ठेवली. काही समजावून सांगावं लागलं नाही. मुलगीच म्हणाली, "आई, लाल खाली जातंय बघ."

पुढे

कामातून झालेल्या दम्यात औषधाइतकंच, खरं तर औषधाहून जास्त, त्या हवेतून बाहेर पडणं महत्त्वाचं असतं. लक्षणं सुरू झाल्यावर जितक्या लवकर बाहेर पडाल तितकी नळ्या पूर्ववत व्हायची शक्यता जास्त. उशीर झाला की काम सोडूनही दमा मागे राहतो. या बाईंची तीन वर्षं गेली होती, आणि ती माझ्या हातातून गेली.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना दारातल्या काट्यावर बसवलं, वजन घ्यायला. लादी आधी खराट्याने लोटून मग मंद पाण्याने धुवायला लागला, तेही बायका गेल्यावर. मागच्या भिंतीला बाहेर वारा फेकणारा पंखा बसवला. काट्यावर पैसे कमी, पण रात्रीचा आकडा २७० च्या खाली गेला नाही. तरी खोकला उरलाच. मास्क लावून पाहिला. ओल्या हवेत तासाभरात भिजून नाकाला चिकटतो.

फेब्रुवारीत त्यांनी शेड सोडली. मार्चपासून आंब्याच्या पेट्या भरायला गेल्या, आणि तिथे पहिल्याच दिवशी भाताच्या पेंढ्याची धूळ लागून आकडा २६० वर आला. आता मात्र त्यांनी माझी वाट पाहिली नाही. मालकाला वही दाखवली, पेंढा घालायचं काम दुसरीला द्यायला लावलं आणि स्वतः अंगणात बसून फळं निवडली.

ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या त्या आठवड्यात त्या आल्या होत्या. सकाळी ३३०, रात्री ३१०. पंप चालूच आहे आणि चालू राहील. रात्री उठावं लागलेलं नाही. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, दिवाळीपर्यंत दोनच महिने शेडवर गेलं तर चालेल का, मुलीची दहावी आहे.

मी नाही म्हटलं. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोघींना रात्रीचा खोकला आहे, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. मी त्यांना दोन मीटर दिले, आणि लाल-निळे पेन.